आग्नेय कोपऱ्यात एकच खड्डा

एकच खड्डा. लांबी एक फूट, रुंदी एक फूट, खोली दीड फूट. वेळ गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी एक. खरेदीदार स्वतः उपस्थित राहणार. काम झाल्यावर खड्डा बुजवून हिरवळ होती तशी बसवून द्यायची.

खरेदीदाराच्या सॉलिसिटरने फॅक्सने पाठवलेल्या या अटी मी नॉटिंगहॅममधील एका घराच्या मागच्या बागेत उभा राहून चौथ्यांदा वाचत होतो. दहा वाजून गेले होते. कुंपणाशी खरेदीदार मिस्टर कॉलिन्स हातात चहाचा मग घेऊन उभे होते. स्वयंपाकघराच्या दारात घराच्या मालकीणबाई सुलभाताई ठोसर उभ्या होत्या. माझ्या हातात वीस वर्षांचा जुना मेटल डिटेक्टर होता आणि जमिनीत कुठेतरी सोन्याचे एक वळे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता घराच्या किल्ल्या कॉलिन्स यांच्या हातात जाणार होत्या. त्यानंतर ते वळे मिळण्याची आशा नव्हती.

"अहो दामले, सापडेल ना हो?" सुलभाताईंनी विचारले.

"यंत्र उत्तम आहे," मी म्हणालो. त्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, आणि ते त्यांच्या लक्षात आले असावे.

मी इन्स्ट्रुमेंट सर्व्हिस इंजिनीअर. नोकरीची सारी वर्षे स्लाऊमध्ये गेली. कारखान्यात खाद्यपदार्थ पट्ट्यावरून पुढे सरकतात, त्यांत चुकून धातूचा कण आला तर तो पकडणारी यंत्रे असतात. ती बसवणे आणि दुरुस्त करणे हे माझे काम. रिटायर झाल्यावर मी गॅरेजमध्ये हौशी लोकांचे जुने डिटेक्टर दुरुस्त करू लागलो. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. आमच्या मराठी मंडळाच्या न्यूजलेटरमध्ये माझी दोन ओळींची जाहिरात वाचून सुलभाताईंनी फोन केला.

त्या वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. त्यांचे पती ठोसर डॉक्टर त्याच हॉस्पिटलात होते. सत्तरच्या दशकात त्यांनी हे घर घेतले आणि रीतसर वास्तुशांत केली. वास्तुशांतीत आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या कोपऱ्यात, वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी पुरतात आणि तिच्याबरोबर थोडे सोने ठेवतात. घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका इमारतीत दोन घरे, मधली भिंत सामाईक. इमारतीचा खरा आग्नेय कोपरा शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात येत होता. म्हणून बागेचा आग्नेय कोपरा धरला. प्रतिमा तांब्याची मिळाली. सोने आयत्या वेळी मिळेना. तेव्हा डॉक्टरांनी कपाट उघडले आणि सुलभाताईंच्या आईचे बोटातले वळे काढून दिले. पत्नीला विचारले नाही. ती त्या वेळी तीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटत होती.

"पंगत उठल्यावर कळलं मला," सुलभाताई फोनवर म्हणाल्या होत्या. "वर मलाच म्हणाले, अगं, घरातच आहे ना? बाहेर कुठे गेलंय? तीस वर्षं मी त्याच्यावर कपडे वाळत घातले, दामले. आता डॉक्टर नाहीत. मुलीजवळ फ्लॅट घेतलाय, घर विकलं. आईचं माझ्याकडे दुसरं काही नाही हो. फोटोसुद्धा नाही."

"मग विकण्यापूर्वी का काढलं नाहीत?"

"वास्तूला धक्का लावू नये म्हणून राहू दिलं होतं. घराबरोबर राहील, असं मनाला समजावलं होतं. पण परवा तो कॉलिन्स म्हणाला, त्या कोपऱ्यात काँक्रीट ओतून पॅटिओ करणार. पुढच्या सोमवारी माणसं येणार आहेत. तेव्हापासून झोप नाही मला."

या देशात घराची विक्री दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा एक्स्चेंज: करार होतो आणि माघार घेता येत नाही. दुसरा कम्प्लीशन: पैसे दिले जातात आणि किल्ल्या मिळतात. मधल्या काळात घराचा ताबा विकणाऱ्याकडे असतो, पण घर होते तसे राखण्याची जबाबदारीही त्याचीच असते. एक्स्चेंज झालेले होते. सुलभाताईंच्या सॉलिसिटरने सल्ला दिला की कोणाला न सांगता खणून मोकळे व्हा. असा सल्ला देणाऱ्या माणसाला वकिलीची सनद कोण देते, हा प्रश्न मी त्याला लेखी विचारला आहे. वस्तू चोरीची नव्हती. ती चोरून काढण्याचे कारण नव्हते.

मी सुलभाताईंच्या सहीने खरेदीदाराच्या सॉलिसिटरला पत्र पाठवले. उत्तर एका ओळीचे आले. त्यांच्या अशिलाची 'ट्रेझर हंटिंग'ला संमती नव्हती. ते वाचून माझे डोके इतके तापले की त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसरे पत्र तीन पानांचे गेले. ज्या वस्तूची मालकीण हयात आहे, शुद्धीवर आहे आणि आपल्या पत्राची प्रत हातात धरून स्वयंपाकघरात उभी आहे, ती वस्तू कोणत्या व्याख्येने ट्रेझर ठरते, हे त्यांनी कलमासह कळवावे, असे मी लिहिले. तिसऱ्या पत्रात दुसऱ्या पत्राचे उत्तर न आल्याची नोंद केली. चौथ्या पत्रानंतर बुधवारी दुपारी फॅक्स आला. एकच खड्डा.

आता यंत्राविषयी. डिटेक्टर भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने माझा डिटेक्टर पाहून तो म्युझियमला देण्याची सूचना केली होती. मी ती मानली नाही. बाजारातील बहुतेक डिटेक्टर नाण्यांसाठी जुळवलेले असतात. सोन्याची बारीक वस्तू त्यांना नीट ऐकू येत नाही, कारण तिला वरची फ्रीक्वेन्सी लागते. माझा डिटेक्टर अमेरिकेतील नदीकाठी सोन्याचे कण शोधणाऱ्यांसाठी बनवलेला होता. त्याला स्क्रीन नाही. चार नॉब आणि हेडफोन, एवढेच.

जुन्या यंत्राकडून चांगले काम करून घ्यायचे तर आधी त्याची सेवा करावी लागते. मी रिचार्जेबल बॅटऱ्या काढल्या, कारण त्यांचा व्होल्टेज थोडा कमी असतो आणि जुन्या सर्किटला ते जाणवते. नव्या अल्कलाइन घातल्या. बॅटरीचे कॉन्टॅक्ट खोडरबराने घासले. कॉइल म्हणजे जमिनीजवळ फिरणारी तबकडी. तिची वायर दांड्याला घट्ट गुंडाळली. ती लोंबकळत राहिली तर तिच्याच हालचालीचा आवाज येतो. मोठी कॉइल काढून छोटी लावली, कारण जवळजवळ पडलेल्या दोन वस्तू छोटी कॉइल वेगळ्या दाखवते. मग माझ्या स्लाऊच्या बागेत पत्नीचे वळे तिच्या तोंडी परवानगीने पुरून पाहिले. सहा इंचांवर स्वच्छ आवाज. आठ इंचांवर अंधूक. त्याखाली काही नाही.

आठ इंच ही माझी मर्यादा होती. डॉक्टरांनी किती खोल खणले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

बागेत मी घड्याळ आणि कमरेचा पट्टा काढून ठेवला. पोलादी टोकांचे बूट बदलून साध्या चपला घातल्या. मिस्टर कॉलिन्सना मोबाइल बंद करण्याची विनंती केली, कारण त्यानेही यंत्र कुरकुरते. कोपऱ्यात दोऱ्या लावून आठ फुटांचा चौकोन आखला. कॉइल जमिनीवर वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स जुळवला. जमिनीच्या स्वतःच्या खनिजांचा आवाज यंत्राच्या कानाआड करणे, म्हणजे ग्राउंड बॅलन्स. सेन्सिटिव्हिटीचा नॉब नवशिका माणूस शेवटपर्यंत फिरवतो. मी तो पाऊण ठेवला. त्यापुढे यंत्र सोन्याबरोबर स्वतःचीही बडबड ऐकवते. शेवटचा नॉब डिस्क्रिमिनेशनचा. त्याने नको असलेला धातू गाळता येतो. जुन्या बागेत खिळे फार, म्हणून मी लोखंड गाळून टाकले. सुलभाताईंनी सांगितल्याप्रमाणे वळे मातीच्या मडक्यात होते. माती यंत्राला दिसत नाही. सारे जुळले.

मी कॉइल गवताला लावून इंच-इंच सरकवत निघालो.

पहिला आवाज पाच मिनिटांत आला. मऊ, आखूड, अगदी सोन्यासारखा. दुसरा त्याच्याशेजारी. मग तिसरा. साडेअकरापर्यंत सात आवाज झाले. या भागातील घरांत पूर्वी कोळशाच्या शेगड्या असत आणि राख बागेत टाकत. त्या राखेतील अर्धवट जळालेले तुकडे हेडफोनमध्ये हुबेहूब सोन्यासारखे बोलतात. सात जागा, आणि परवानगी एका खड्ड्याची.

प्रत्येक जागेवर मी कॉइल आडवी आणि उभी फिरवली. वळ्याचा आवाज दोन्ही दिशांनी सारखाच आखूड यायला हवा. सातही ठिकाणी तो एका दिशेने पसरत होता. सातही कोळसे. मधूनमधून खरखर ऐकू येत होती, ती लोखंडाची. तिच्याकडे मी लक्ष दिले नाही.

"एनी जॉय?" म्हणजे काही हाती लागले का, असे कॉलिन्सनी विचारले.

"नॉट येट," मी म्हणालो.

 सुलभाताई आत जाऊन पुन्हा बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. त्या येरझाऱ्या मला कॉलिन्सच्या प्रश्नापेक्षा जड गेल्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी हेडफोन काढले. "ताई, हे किती खोल पुरलंय, कोणाला तरी माहीत असेलच."

"मी स्वयंपाकघरात होते हो. डॉक्टर होते, आपटेकाका होते. आपटेकाका आहेत अजून. ईलिंगला."

आपटेकाका व्यवसायाने ड्राफ्ट्समन. शनिवार-रविवारी पोथी घेऊन कोच बसने इंग्लंडभर पूजा सांगत फिरायचे. आता ऐंशी उलटली होती. सुलभाताईंनी घरातला फोन लावला, लांब वायर ओढत दारापर्यंत आणला आणि माझ्या हातात दिला.

"कोण, दामले? ते पत्रं लिहिणारे? बोला."

"काका, ठोसरांच्या वास्तुशांतीत मडकं किती खोल पुरलं होतं?"

"कुठलं मडकं?"

"पोथीत मडकं सांगितलंय ना?"

"पोथीत पुष्कळ सांगितलंय. पाटावर बसायला सांगितलंय, मी पियानोच्या स्टुलावर बसलो होतो. अहो, नॉटिंगहॅमला त्या काळी मला मडकं कोण देणार होतं? एक कुंडी होती, तर तिला खाली भोक. शेवटी डॉक्टर म्हणाले, बिस्किटांचा डबा चालेल का? म्हटलं, झाकण घट्ट बसतं ना? मग चालेल."

"पत्र्याचा डबा?"

"मग काय, चांदीचा? चांगला दीड वीत खाली पुरला. माझ्या धोतराला चिखल लागला होता."

सुलभाताई फोनला कान लावून ऐकत होत्या. "निळा डबा? अहो, त्यात माझ्या सुया-दोरे होते! चार दिवस शोधत होते मी तो! माझे दोरे कुठे टाकले ह्यांनी?"

मी तिथेच बागेतल्या पायरीवर बसलो. धातूच्या बंद डब्यात सोने असले तर डिटेक्टरला सोने दिसत नाही, डबा दिसतो. हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. माल धातूच्या ट्रेमध्ये भरण्यापूर्वी तपासावा, भरल्यावर तपासणे निरर्थक आहे, असे मी कारखान्यांना वर्षानुवर्षे पत्राने कळवत आलो होतो. काहींना दोनदा. आणि आज मी स्वतःच्या हाताने नॉब फिरवून यंत्राला बजावले होते की लोखंड दिसले तर मला सांगू नकोस. तरीही ते बिचारे खरखर करत होते. सकाळपासून मी त्या डब्यावरून किती वेळा गेलो असेन, ते मोजण्याची माझी हिंमत नव्हती. राग व्यक्त करायला समोर कोणी सॉलिसिटर नव्हता. चूक निखळ माझी होती.

बारा वाजून पंचवीस मिनिटे.

मी डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढले. त्यासरशी सारी बाग एकदम ओरडू लागली. खिळे, तारा, आणि काय काय. अशा गोंधळात मोठी वस्तू ओळखायची एक सोपी पद्धत आहे. आवाज आला की कॉइल हळूहळू वर उचलायची. खिळ्याचा आवाज चार इंचांवर विरतो. मोठी वस्तू फूटभर वरही बोलत राहते. या परीक्षेत दोन जागा उरल्या. एक कुंपणाच्या खांबाजवळ, अगदी कोपऱ्यात. दुसरी तिथून तीन फूट आत.

"कोपरा म्हणजे कोपराच," सुलभाताई म्हणाल्या. "खांबाजवळच असणार."

त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते. फावडे मी तिथे टेकवलेही. पण सकाळपासून मी एक गोष्ट न तपासता मानली होती आणि तिचा परिणाम भोगत होतो. मी कुंपणालगत पुढच्या खांबाकडे गेलो आणि तिथे कॉइल धरली. तोच आवाज. त्याच्या पुढच्या खांबाशीही तोच. प्रत्येक खांबाखाली पोलादी खुंट ठोकलेला होता.

उरली आतली जागा. तिथे रंगाचा रिकामा डबाही असू शकत होता. कोणाची तरी मोडकी बादलीही. खात्री करून घेण्याचा मार्ग नव्हता. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी मी हिरवळीचा एक फुटाचा चौकोन कापला, वरचा थर सतरंजीसारखा गुंडाळून बाजूला ठेवला आणि खणायला लागलो.

फूटभर खाली फावड्याचा आवाज बदलला. हाताने माती सारली. गंजलेल्या पत्र्याची कड दिसली. सुलभाताई गुडघ्यांवर बसल्या. पण डबा माझ्या चौकोनात पुरता नव्हता. त्याचा जवळजवळ अर्धा भाग चौकोनाबाहेर, उभ्या मातीत शिरलेला होता. ओढला असता तर गंजलेला पत्रा फाटून आतले सारे मातीत सांडले असते.

मी थांबलो.

"अहो, खणा ना!"

"ताई, परवानगी एक फुटाची आहे. चार इंच बाहेर जावं लागेल."

"दामले, पाऊण वाजला!"

मी मिस्टर कॉलिन्सना परिस्थिती समजावून सांगितली. "फॉर हेवन्स सेक, खणा हो," ते इंग्रजीत म्हणाले. मी त्यांचे आभार मानले आणि खिशातून फॅक्स आणि पेन काढून पुढे केले. कागदाच्या पाठीवर त्यांनी चार इंचांची जादा परवानगी लिहिली, सही केली, आणि वेळ लिहायला मी सांगितल्यावर वेळही लिहिली. लिहिताना त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते, ते मी ऐकले नाही.

डबा बाहेर आला तेव्हा त्याचे झाकण पापुद्र्यांसारखे गळून पडले. आत माती आणि गंज. कुजलेल्या दोऱ्याचे एक लाकडी रीळ. त्याखाली हिरवी पडलेली तांब्याची प्रतिमा. वळे दिसेना. मी कॉइल उचलली, पण एवढ्या गंजाजवळ ती निरुपयोगी होती. सुलभाताईंनी कॉइल बाजूला सारली आणि नर्सच्या सवयीने, घाई न करता, दोन बोटांनी माती चाचपू लागल्या. काढून ठेवलेल्या घड्याळात बारा पन्नास झाले होते.

"हे बघा," त्या म्हणाल्या.

तांबे हिरवे झाले होते, पत्रा कुजला होता. वळे जसे ठेवले तसे होते. त्यांनी ते कार्डिगनला पुसले. अनामिकेत शिरेना, सांधे सुजलेले होते. करंगळीत बसले. मग त्यांनी प्रतिमा उचलली, कपाळाला लावली आणि पुन्हा खड्ड्यात पालथी ठेवली.

"ते तुमचं नाही का?" कॉलिन्सनी विचारले.

"नो, माय डिअर. ते घराचं आहे. तुम्ही पॅटिओ करा. त्याची काही हरकत नसेल."

"कोण?"

"खाली झोपलाय तो."

कॉलिन्स दोन पावले मागे सरकले. मी खड्डा बुजवला, हिरवळ बसवली, पायाने दाबली. एकला तीन मिनिटे कमी असताना फावडे पुसून ठेवले.

त्याच दिवशी दोन्ही सॉलिसिटरना माझी पत्रे गेली. खड्ड्याची खरी मापे, जादा चार इंचांच्या परवानगीची प्रत आणि पूर्ववत केलेल्या हिरवळीचे दोन फोटो सोबत जोडले. शुक्रवारी बारा वाजता कम्प्लीशन सुरळीत झाले.

माझ्या कामाच्या फॉर्मवर पूर्वी पहिला रकाना 'काय हरवले' हा असे. मी तो खाली नेला. आता पहिला रकाना 'कशात आहे' हा. कायदा ऐकीव पुराव्याकडे संशयाने का पाहतो, ते मला त्या बागेत कळले. म्हणून या प्रश्नाचे कोणी फार ठामपणे उत्तर दिले की मी लिहून घेण्याआधी आणखी एक विचारतो: पुरताना तुम्ही स्वतः तिथे उभे होता का?